तिसऱ्या मजल्याचा कठडा

टिटवाळ्याच्या त्या सात मजली इमारतीत दक्षिणेकडच्या गॅलऱ्यांना लोखंडी कठडे नाहीत. तिथे सोलरच्या काळ्या काचा बसवल्या आहेत आणि लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे त्यांच्यावरच चालतात. सोसायटीचे सेक्रेटरी विनीत परब यांना त्याचा कोण अभिमान! कुठल्या मजल्याची काच किती वीज देते हे मोबाइलवर बघितल्याशिवाय त्यांना सकाळचा चहा गोड लागत नसे.

गेल्या उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्याचा आलेख रोज अकरा ते दीड खाली बसू लागला. कारण साधं होतं, गंगुबाई. इमारतीखालची जमीन तिच्या सासऱ्यांची, बदल्यात तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट मिळालेला. तिथल्या कठड्यावर ती लुगडं वाळत घालायची. नीट सांगायचं सोडून विनीतरावांनी खालून फोटो काढला, ठिगळं दिसतील इतका मोठा केला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘सोसायटी आहे की धोबीघाट?’ एकेचाळीस जण हसले.

संध्याकाळी गंगुबाई त्यांच्या दाराशी आली. "दोनच लुगरी हान मना, दादा. येक आंगाव, येक उनान."

"नियम सगळ्यांना सारखा, गंगुबाई," असं म्हणून त्यांनी दार लोटलं.

त्यानंतर ती घरातच वाळत घालू लागली. पावसाळ्यात आजारी पडली आणि दिवाळीआधी गेली. तिचा मुलगा उत्तम विठ्ठलवाडीला राहायला गेला. फ्लॅटची किल्ली विनीतरावांच्या हातात देताना त्याने मान वर केली नाही.

होळीच्या आसपास आलेख पुन्हा पडला. तिसरा मजला, अकरा ते दीड.

सोलर कंपनीचा आनंद मीटर घेऊन आला. कुलूप काढून दोघे गॅलरीत गेले. कठडा रिकामा होता.

"सर, काच ओके आहे," आनंद म्हणाला. "वर कपडा टाकल्यावर येतं ना, तसं रीडिंग येतंय."

"कुठाय कपडा?"

"तेच तर." त्याने काचेवर हात ठेवला, चटकन काढला आणि पँटला पुसला. "ओली आहे, सर."

दुसरी काच बसवली, तरी तेच. आनंद चहालाही थांबला नाही.

विनीतरावांनी मग एकट्याने हात लावून पाहिला. शेजारच्या गॅलरीची काच चटका देत होती, ही मात्र माठासारखी गार. बोटांना साबणाचा वास आला. माणूस इंजिनिअर, भुताखेतांना हसणारा. त्यांना भीती वाटली नाही, लाज वाटली. कान तापले. तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवरून काढून टाकावा म्हणून ग्रुप उघडला, पण मुदत केव्हाच उलटून गेली होती. ‘चूक माझी होती’ एवढं त्यांनी लिहिलं. एकेचाळीस जण वाचतील या विचाराने पुसलं.

लुगडं विकत घ्यायला मात्र कुणाला काही सांगावं लागत नाही. कल्याणला जाऊन त्यांनी हिरवं, चांगल्यातलं लुगडं घेतलं.

"कुणासाठी, काका?" दुकानदाराने विचारलं.

"आईसाठी," ते म्हणाले. आई जाऊन वीस वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी अकराला त्यांनी स्वतःच्या हाताने ते कठड्यावर पसरलं. "घ्या, गंगुबाई," ते पुटपुटले. कुलूप लावलं, किल्ली खिशात ठेवली.

लुगड्याच्या सावलीने आलेख पडला. सव्वाबाराला एकदम चढला.

ते धावत खाली गेले आणि वर पाहिलं. कठडा मोकळा होता.

घेतलं तिने! त्यांना इतकं हलकं वाटलं की पेढे वाटावेसे वाटले. माफी मागायची आता गरजच उरली नव्हती. चार दिवस आलेख भरलेला राहिला.

पाचव्या दिवशी अकराला तो पुन्हा पडला.

विनीतराव जिन्यानेच वर गेले. कुलूप तसंच होतं. त्यांनी दार उघडलं.

उंबऱ्याच्या आत, जमिनीवर ते हिरवं लुगडं होतं. चापूनचोपून घडी घातलेलं.

त्यांनी ते उचललं. नव्या कापडाची खळ गेली होती. कुणीतरी धुऊन परत केलं होतं.

त्यांनी घडी नाकाशी नेली. बंद खोलीत, उन्हाशिवाय वाळलेल्या कपड्याला येतो तसा कुबट वास त्या लुगड्याला येत होता.