सुभेदार तीनदा भुंकला

सांडू औषध आणायला निघाला होता. गोष्ट एवढ्यावरूनच सुरू होते, आप्पा म्हणाले. लेकराला खोकला. घरातली बाटली संपलेली. बायको म्हणाली, देवगाव रंगारीला जाऊन घेऊन या. यात भुताचं काय आलं?

जेवणं झाली होती. अंगणात तुराट्यांची शेकोटी करून आप्पा बसले होते. समोर सार्थक आणि राजनंदिनी, दोघं नातवंडं, सुट्टीला शहरातून आलेली. राजनंदिनीच्या मांडीवर जर्मन शेफर्डचं चार महिन्यांचं पिल्लू, मावत नव्हतं तरी बसलेलं. मोडलेलं शोधपथक पुन्हा उभं करायचं, पिल्लाला तयार करायचं, दबलेली, हरवलेली माणसं हुडकायची, असं दोघांनी जेवताना सांगितलं होतं. आप्पांनी तेव्हा ताट बाजूला सारलं होतं.

"सांडू तुमाला ठावा हाय," आप्पा म्हणाले. "बाकीचं ठावं नाय. ते ऐका, मग कुत्रं शिकवा."

रात्र होती सोमवारची. मार्गशीर्षातली सोमवती अमावस्या, मागच्या सालची. सांडूनं देवगावच्या मेडिकलवाल्याला घरून उठवलं, बाटली खिशात घातली आणि गाडीला किक मारली. गावाच्या अलीकडं रस्त्याखालून पाणी जायची मोरी आहे. तिथं तो आला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

पण मोरीवर जायच्या आधी सुभेदार कळला पाहिजे.

सुभेदार म्हणजे गावातल्या सुदर्शनचं कुत्रं. ह्या पिल्लाच्याच जातीचं, कमरेएवढं उंच. शेजारच्या गावात विहिरीची कड ढासळून दोन माणसं गाडली गेली, आणि ती नेमकी कुठं आहेत हे कळायलाच दिवस गेला, तेव्हा सुदर्शननं हे शोधपथकाचं खूळ डोक्यात घेतलं. खूळ चांगलं होतं. गावातली सहा जणं जमली, केशरी जाकिटं शिवून आली. दर रविवारी माळावर सराव.

सराव असा. एकानं लपायचं. कुठं लपलाय ते फक्त एकाच माणसाला ठाऊक, आणि तो म्हणजे सांडू. कुत्र्याला धरणाऱ्या सुदर्शनला मुद्दाम सांगायचं नाही, नाहीतर त्याचे पाय तिकडं वळतात आणि कुत्रं वास सोडून मालकाकडं बघतं. सुभेदारनं वास काढायचा, माणूस सापडला की बसायचं आणि तीनदा भुंकायचं. मग लपलेल्यानं त्याला चिंधी द्यायची, तीन गाठी मारलेली. तेच त्याचं बक्षीस. ती ओढताना ते एवढं मोठं धूड लेकरासारखं नाचायचं.

आणि लपलेल्यानं कुत्रं भुंकल्याबिगर हलायचं नाही. काय वाटेल ते झालं तरी.

पोरं लपायला बसली की बिडी ओढायची, मोबाइल बघायची. कुत्रं कशाला, आंधळासुद्धा हुडकून काढील. म्हणून सांडूनं बानाबाईला धरलं. बानाबाई शेळ्या राखायची. नवरा वारलेला, लेक रामेश्वर बजाजनगरात, कंपनीत. शेळ्यांमागं अर्धा दिवस दगडासारखं बसायची सवय. लपायचं म्हटलं की म्हातारी खुलायची. चिंधीसुद्धा तिच्याच हिरव्या लुगड्याची होती.

"माह्या लेकाला हाक मारली तर दिवाळीला येतो," ती म्हणायची. "ह्यो सुभेदार हाक न मारता येतो. सांडू, मी खरंच हरवली तर हुडकसान ना रं?"

"आजी, तुमी कुटं हरवता? तुमच्या तमाखूचा वास शिवारभर सुटतो," सांडू म्हणायचा, आणि म्हातारी त्याला चप्पल दाखवायची.

दिवाळीनंतरचा रविवार. रस्त्याचं काम चाललं होतं. जुन्या मोरीच्या सिमेंटच्या नळ्या तशाच पडलेल्या, एक तोंड मातीनं बुजलेलं. सांडूनं बानाबाईला आत बसवलं, उघड्या तोंडाला फळी लावली, वर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या. नेहमीचं सांगून झालं.

"भुंकल्याबिगर निघायचं नाय, आजी."

"मला शिकवतो व्हय? जा तिकडं."

हे तिचं शेवटचं बोलणं.

सांडू माळावर पोचला तर तिथं जीप उभी. कन्नडला कुणी पुढारी येतोय, पथकाचा सत्कार आहे, कुत्र्यासकट बोलावलंय. सुदर्शन म्हणाला, "सराव रद्द. सांडू, तू लपवलंय त्याला उठव आणि ये पटकन." जीप हॉर्न मारायला लागली. मोरी उलट्या दिशेला, अर्धा कोस. सांडूनं नवं जाकीट घातलेलं. फोटोत यायचं होतं त्याला. त्यानं मनात म्हटलं, म्हातारी काय येडी हाय का, कंटाळली की निघंल.

सुदर्शनला "उठवलं" म्हणाला आणि चढला जीपमध्ये.

"निघाली नाय?" राजनंदिनीनं विचारलं.

"दिलेला शब्द मोडायला ती काय तुमच्यासारखी शिकलेली होती?" आप्पा म्हणाले.

रात्री नऊला जीप परत आली. मोरीच्या जागी मुरूम. टिप्परनं दिवसभर खेपा टाकल्या होत्या, वरून रोलर फिरवला होता. सांडू उतरला नाही. त्यानं तोंड दुसरीकडं केलं. गेली असंल घरी. सकाळी तिच्या खोपटापुढं शेळ्या उभ्या होत्या, आचळं तटतटलेली, ओरडून ओरडून घसा बसलेला. तेव्हा त्याला कळलं. तेव्हाही तो बोलला नाही. आज सांगितलं तर काल काहून सांगितलं नाय, हे कुणीतरी विचारणारच होतं.

गावानं काय केलं? गाव म्हणालं, गेली असंल लेकाकडं. एकट्या बाईचं हेच असतं. ती घरात नसली की ती कुठंतरी असते, आणि तेवढं सगळ्यांना पुरतं. आठ दिवसांनी रामेश्वर आला तेव्हा बोंब झाली. मग हुडकायला कोण? पथक. केशरी जाकिटं. सांडूसुद्धा.

सुभेदारला तिचं लुगडं हुंगवलं. तो माळाकडं गेला नाही, ओढ्याकडं गेला नाही. सरळ रस्त्यावर. दाबलेल्या मुरमावर बसला आणि तीनदा भुंकला.

सुदर्शननं सांडूकडं बघितलं. "त्या दिशी हितंच बसवलं होतं का?"

आता बोलायचं होतं.

"नाय," सांडू म्हणाला. "माळालगतच्या पडक्या गोठ्यात बसवलं होतं. उठवून घरी धाडलं मी."

म्हणजे कुत्रं खोटं भुंकलं. सुदर्शननं पट्टा हिसकला. सुभेदार परत जाऊन बसला. तीनदा भुंकला. माणसं हसायला लागली. पाचव्या वेळेला सुदर्शननं पट्ट्याच्या टोकानं त्याला झोडपलं. अख्ख्या गावात खरं बोलणारा तो एकटा होता आणि मार त्यालाच पडला.

पथकाचा एक नेम होता. कुत्र्याला रिकामं घरी न्यायचं नाही. माणूस सापडला नाही तर आपल्यातल्या कुणीतरी लपायचं, त्याला सापडू द्यायचं, नाहीतर त्याचं मन खचतं. सुदर्शन म्हणाला, सांडू, तू लप. सांडू ज्वारीत जाऊन बसला. सुभेदार आला. समोर उभा राहिला. सांडूच्या तोंडाकडं बघितलं. बसला नाही. भुंकला नाही. पाठ फिरवली आणि रस्त्याकडं चालता झाला.

त्यानंतर तो अन्नाला शिवला नाही. बाराव्या दिवशी साखळीतच मेला. मोरीवर डांबर पडलं.

शेकोटीतली तुराटी फुटली. पिल्लानं कान उभे केले, खाली उडी मारली आणि गोठ्याच्या अंधारात गेलं. सार्थकनं "ए, ए" केलं. ते वळलं नाही.

"येईल," आप्पा म्हणाले. "ऐका."

अकरा वाजून दहा मिनिटं. मोरीवर आल्यावर गाडी बंद पडली. पेट्रोल होतं. किक मारली. नाही. दुसरी मारली. नाही. दिवा गेला. तुरीच्या पिकात किडा बोलत नव्हता.

सांडू गाडी ढकलायला लागला. चाक हलेना.

खालून आवाज आला. डांबराखालून. नखानं फळी खरवडल्यासारखा.

थांबला.

परत.

मग म्हातारीचा आवाज. दबलेला, पण रागाचा नाही. कुणाची वाट बघून कंटाळलेली बाई बोलते तसा.

"आला का रं?"

 सांडूला म्हणायचं होतं, आजी, चुकलं. त्यानं गाडीच घट्ट धरली.

"आला का...?"

मागून डांबरावर पावलं वाजली. चार पायांची, जड. जवळ आली. सांडूच्या मांडीला घासून काहीतरी गेलं. केस. ओल्या कुत्र्याचा वास. दिसलं काही नाही. पावलं मोरीवर थांबली.

आणि खालून... रस्त्याच्या खालून...

एकदा.

दोनदा.

तीनदा.

मग म्हातारी हसली. सुभेदार चिंधी ओढायचा तेव्हा हसायची, तशीच. सांडूला वाटलं, संपलं. सापडली ती, सुटली.

हसू थांबलं.

"सांडू."

...

"आता तू लप."

आप्पांनी शेकोटीत एक तुराटी सारली. राजनंदिनीनं शाल ओढून घेतली.

"मग?" सार्थक म्हणाला.

"मग गाडी तिथंच टाकून पळाला. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर चिंधी. हिरव्या लुगड्याची, तीन गाठींची, लाळेनं भिजलेली. म्हातारीच्या मुठीत होती ती, आतमधी. ती घेऊन त्यानं एका जाणत्या माणसाचं घर गाठलं. सगळं सांगितलं. म्हणाला, माह्यासंगं पोलिसात चला. रस्ता खोदायला लावू, तिला बाहीर काढू. एकट्याला हिंमत नाय व्हत."

"मग ते गेले?"

"नाय." आप्पांनी काडीनं राख उकरली. "त्यो माणूस म्हणला, गप बस. म्हातारी काय परत यायची नाय. रस्ता लई वर्षांनी झालाय, गावाची इज्जत हाय, तुला लेकरं हायेत. त्यानं चिंधी हातातून घेतली आणि चुलीत घातली. राख होईस्तोवर बसून बघितलं."

"आन् सांडूकाका?" सार्थकनं विचारलं.

"त्याच दिशी दुपारपासून नाय. बायको म्हणते सुरतेला गेला. दुसरे म्हणत्यात, पुण्याला. हुडकायला कुणी गेलं नाय. हुडकणारं कुत्रंच कुटं ऱ्हायलं होतं?"

राजनंदिनी आप्पांकडं बघत होती. आजोबांच्या हातातली काडी राखेत तशीच रुतलेली.

"आप्पा," ती हळू म्हणाली. "त्यो जाणता माणूस कोण?"

आप्पांनी काडी शेकोटीत टाकली आणि राख होईस्तोवर तिच्याकडं बघितलं.

गोठ्याकडून पावलं आली. पिल्लू अंधारातून शेकोटीच्या उजेडात आलं. दोघांकडं गेलं नाही. सरळ आप्पांच्या पुढ्यात आलं आणि बसलं. त्याला बसायला अजून कुणी शिकवलं नव्हतं.

त्यानं तोंडातलं खाली ठेवलं.

हिरवी होती. ओली. राजनंदिनीनं वाकून गाठी मोजल्या.