पाचव्या टोपलीचं गौडबंगाल

"आणखी एकदा? आत्या, माझे हात आता गुडघ्यापर्यंत लांब झालेत!" गट्टूने हातातली लोखंडी टोपली गवतावर आदळली आणि तिच्याशेजारीच फतकल मारली.

त्याचं काही चुकत नव्हतं. सुट्टीला आत्याकडे आल्यापासून तिघा भावंडांनी या नऊ टोपल्या मैदानभर तीनदा फिरवल्या होत्या. टोपली म्हणजे एक दांडा, त्याला लोंबत्या साखळ्या आणि खाली जाळीचं भांडं. लांबून तबकडी भिरकावायची, ती साखळ्यांना थडकून भांड्यात पडली पाहिजे. सगळ्यात कमी फेकींत नऊ टोपल्या संपवील तो जिंकला. खेळ मजेचा, पण टोपल्या वाहणं म्हणजे निव्वळ हमाली!

उद्यानातल्या मैदानाचा खालचा अर्धा भाग नळ टाकायला खणला होता. तेवढे दोन महिने वरच्या अर्ध्यातच खेळ बसवायचं काम आत्याकडे आलं होतं. कुठून फेकायचं, टोपली कुठे ठेवायची, नेम चुकला तर तबकडी कुठे जाईल, सगळं तिने पावलांनी मोजून कागदावर काढलं होतं. तरी पाचव्या टोपलीकडे फेकलेल्या तबकड्या पायवाटेवर जातच होत्या. काल तर एक तबकडी बाबागाडीच्या चाकाशी येऊन पडली! उद्यानाचे अधीक्षक असे तापले की विचारू नका. "आणखी एक वाटेवर आली, की खेळ बंद!" असं बजावून गेले.

आत्याने कागद उलगडला. खोडून खोडून त्याला भोक पडलं होतं.

"माझंच चुकतंय रे," ती म्हणाली. "वीस वर्षं मैदानं आखली, पण आता अंदाजच येईनासा झालाय. वाटेपासून लांब म्हणून मोजते आणि टोपली निघते वाटेच्या कडेला. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. उद्या सांगूनच टाकते त्यांना, दुसरं कोणी बघा म्हणून."

ती पाय ओढत पाणी आणायला गेली. तिघांना फार वाईट वाटलं. हरलेली आत्या त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

थोरल्या बहिणीला जाड चष्म्यामुळे घरात सगळे ढापणी म्हणत. ती पाचव्या टोपलीपाशी गेली आणि गुडघे टेकून बसली.

"गट्टू, ही जरा उचल."

"मी काय क्रेन आहे?"

"उचल रे!"

गट्टूने कण्हत कुंथत टोपली उचलली. बुडाखाली कापलेल्या गवताचा चुरा चिकटला होता.

"टोपली आपण परवा ठेवली," ढापणी म्हणाली. "गवत कापलं काल. मग कालचा चुरा टोपलीच्या खाली कसा शिरला?"

"म्हणजे गवत कापून झाल्यावर कोणीतरी ती इथे आणून ठेवली!" गट्टूचा सगळा शीण क्षणभर पळाला.

"इकडे या, इकडे या!" शेपूट ओरडली. ही सगळ्यात धाकटी, कायम दोघांच्या मागे, म्हणून शेपूट. पंधरा पावलांवर गवत दबून बरोबर टोपलीच्या बुडाएवढा गोल उठला होता.

"आत्याला सांगू या!" गट्टू म्हणाला.

"नको," ढापणी म्हणाली. "अधीक्षक म्हणतील, भाचरं आत्याची बाजू घेतात. त्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. गवत एक दिवसाआड कापतात, म्हणजे उद्याच!"

त्यांनी टोपली त्या गोलावर परत नेऊन ठेवली. आत्याने पाचवीला आज हात लावायचा नाही, हे तिच्याकडून कबूल करून घेताना शेपटीला थोडं रडावंही लागलं.

सकाळी ढापणी आणि गट्टू जांभया देत झुडपामागे बसले. शेपूट अधीक्षकांचा हात धरून त्यांना ओढत घेऊन आली.

"अधीक्षककाका, टोपलीला पाय फुटलेत! खरंच!"

"मला कामं आहेत गं," ते करवादले. तेवढ्यात गवत कापायचं यंत्र घरघरत आलं. चालवणारे काका खाली उतरले, पाचवी टोपली उचलून त्यांनी यंत्रावर ठेवली, सरळ रेषेत गवत कापत गेले आणि पायवाटेच्या कडेला ती उतरवून मोकळे झाले!

"अहो! हे काय चालवलंय?" अधीक्षक ओरडले.

काकांनी यंत्र बंद केलं. "गवत कापतोय, साहेब."

"आणि टोपली?"

"तुम्हीच म्हणालात ना, वळसे घालू नका, वेळ जातो! माझी जोडीची माणसं तुम्ही नळाच्या कामाला नेलीत. अख्खं मैदान मी एकटा कापतो. मधे येईल ते टोकाला ठेवतो. परत न्यायचं त्राण कुणाच्या अंगात आहे?"

त्यांचे डोळे लाल झाले होते. मुलांना त्यांचा राग येईना. अधीक्षकांनी मात्र मान खाली घातली.

आत्या समोरून येत होती, राजीनामा द्यायला निघाल्यासारखा चेहरा करून. ढापणी धावतच सुटली. "आत्या, तुझं काहीच चुकलं नव्हतं! ते काका टोपली हलवत होते!"

आत्याने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे... पहिली आखणीसुद्धा बरोबर होती?"

"पहिल्या दिवसापासून!"

आत्याचे डोळे भरून आले. ती पाचव्या टोपलीपाशी आली आणि दांड्याला टेकून गवतात बसली.

"चूक माझी," अधीक्षक म्हणाले. "खेळ चालू राहील. गवत टोपलीला वळसा घालूनच कापायचं. उद्यापासून जोडीला एक माणूस देतो."

"दोन द्या, साहेब!" काका म्हणाले.

"बरं, दोन!" मग अधीक्षकांनी छाती फुगवली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "शाबास, मुलांनो! जे आम्हा मोठ्यांना दिसलं नाही, ते तुम्ही शोधून काढलंत! का हो बाई, खरं की नाही?"

आत्याची मान दांड्यावर कलली होती, तोंड किंचित उघडं होतं आणि ती गाढ झोपली होती.

"श्श!" तिघांनी एकदम ओठांवर बोट ठेवलं.

अधीक्षक गवतात उकिडवे बसले आणि उरलेलं सगळं कौतुक त्यांनी कुजबुजत केलं.