इंजिन उतरवल्यावर

गाडी किती वर्षं टिकते, असं कुणी विचारलं की मिस्त्री हसून म्हणायचा, "इंजिन बदलता येतं, चाकं बदलता येतात. सांगाडा कुजला की मात्र हात जोडा."

त्याची परीक्षाही साधी होती. गाडीखाली सरपटत जायचं आणि पान्याच्या मुठीनं लोखंडावर ठोकायचं. धड लोखंड खणखणतं, कुजकं भद्द वाजतं.

त्या दुपारी गॅरेजात आली ती त्याच्या थोरल्या भावाची टॅक्सी. दादानं उभी हयात तिच्यात काढली होती आणि सोमवारपासून नातवंडांना तिच्यातूनच शाळेत सोडायचं त्याच्या मनात होतं. वहिनींनी त्याचाच धसका घेतला होता. नुकताच ऐन उतारावर ब्रेक लागला नव्हता; गाडी कशीबशी भिंतीला टेकून थांबली होती.

"भावजी, ही माझी सवत एकदाची भंगारात घाला," वहिनी म्हणाल्या. "घरात माझ्याशी दोन शब्द बोलत नाहीत, हिच्याशी तासन्‌तास गप्पा!"

"ती उलटून बोलत नाही ना," दादा म्हणाला. "तू ठोकून बघ रे. संपली म्हणालास तर मी हूं की चूं करणार नाही."

मिस्त्री खाली शिरला. सांगाड्याला बोट लावलं तर ते आरपार गेलं. गंजाचा चुरा तोंडावर पडला. त्यानं ठोकलं. घंटेसारखा स्वच्छ नाद आला.

त्यानं पुन्हा पाना उचलला. या वेळी नाद पाना टेकायच्या आधीच आला.

"काय म्हणतेय?" दादानं वरून विचारलं.

मिस्त्रीच्या डोळ्यांपुढे मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसलेली पोरं आली. "संपली, दादा," तो म्हणाला.

दादा शब्दाला जागला. बॅटरी निघाली, पाठोपाठ इंजिन साखळीला लटकलं. वहिनींनी खुशीत सगळ्यांना चहा पाजला.

"एकदा शेवटचं बसून घेतो," म्हणत दादा आत बसला आणि सवयीनं दार ओढून घेतलं.

"अरे, ही तर चालू आहे!"

मिस्त्री हसत पुढे गेला. बॉनेटखाली पोकळी होती. त्यातून खालची फरशी दिसत होती. त्यानं काठावर हात ठेवला. पत्रा ऊन होता आणि हलकेच थरथरत होता, सिग्नलला उभ्या गाडीसारखा.

दादानं दार ढकललं. उघडेना. मिस्त्रीनं बाहेरून ओढलं, पहार लावली. दार ढिम्म.

काचा आतून धुरकट व्हायला लागल्या. आधी दादा हसत होता. मग हसू ऐकू येईना.

वहिनी पलीकडच्या बाजूनं पुढे झाल्या. त्यांनी टपावर थाप मारली.

"पुरे हं आता, बाई. इतकी वर्षं तुझ्यापाशीच होते. सोड त्यांना."

थरथर थांबली. दार खटकन उघडलं.

दादा घामाघूम होऊन बाहेर आला. "ऐकते की गं तुझं!" तो म्हणाला, आणि तिघंही पोट धरून हसली.

हसता हसता मिस्त्रीनं पाहिलं. पलीकडचं दार, वहिनींच्या बाजूचं, सावकाश उघडत होतं.

"बघा भावजी, आता मला बोलावतेय," वहिनी कौतुकानं म्हणाल्या.

त्यांनी चपला बाहेर काढून ठेवल्या, घरात शिरताना ठेवतात तशा.