एक गुहा, दोन आवाज

गुहेतली चाळीस वटवाघळं दिसायला अगदी सारखी. पिंगट अंग, नाकावर पानासारखी घडी. मग त्यांचे आवाज दोन तऱ्हेचे का?

२०५८ सालच्या सुट्टीत शाल्मलीला हे कोडं पडलं. तिची आत्या डॉ. वैजयंती सह्याद्रीत वटवाघळांवर संशोधन करायची. वटवाघळं श्राव्यातीत (माणसाला ऐकू न येणारा) आवाज काढून प्रतिध्वनीवरून वाट शोधतात. यातली निम्मी सेकंदाला पंच्याऐंशी हजार कंपनांचा आवाज काढत, उरलेली एक लाख पाच हजारांचा.

"आवाज वेगळा म्हणजे जात वेगळी?"

"एवढ्यावरून नाही ठरत. जनुकंही (पेशीतल्या आनुवंशिक सूचना) तशीच दोन गटांत विभागली, तर मानायचं."

म्हणून प्रत्येक वटवाघळाचा आवाज नोंदवून, पंखाच्या कातडीचा कणभर तुकडा कुपीत ठेवून त्याला सोडून दिलं. कुप्यांवर क्रमांक चिकटवायचं काम शाल्मलीचं होतं.

नवव्या दिवशी आत्याच्या मदतनीस रोबोने, धनूने, निकाल सांगितला. "जनुकांचे दोन गट आहेत. पण दोन्ही गट दोन्ही आवाजांत मिसळलेले आहेत."

आत्या खुर्चीत टेकली. "म्हणजे जनुकं आवाजाशी जुळत नाहीत. जात एकच धरावी लागेल. नव्या रस्त्याआधी ही तपासणी मागितली होती, उद्या त्यांना तसं कळवते. वेगळी, दुर्मिळ जात नाही म्हटल्यावर रस्ता गुहेवरूनच जाईल."

रात्री जेवताना शाल्मली खाली बघत म्हणाली, "आत्या, कुप्यांचा ट्रे माझ्या हातून सांडला होता. क्रमांक चिकटवायचे राहिले होते. मग मी अंदाजाने चिकटवले."

आत्या एवढंच म्हणाली, "पुन्हा पकडावी लागतील. पुन्हा पंख टोचावे लागतील."

हे रागावण्यापेक्षा वाईट होतं. पुढचे आठ दिवस प्रत्येक थरथरणारा जीव हातात घेताना शाल्मलीचे कान तापत.

या वेळी निकाल स्वच्छ आला. एका आवाजाची सगळी एका गटात, दुसऱ्याची दुसऱ्यात. एकाच गुहेत राहूनही ती आपसात मिसळत नव्हती. आत्या म्हणाली, "जाती दोन आहेत. डोळ्यांना एक दिसणाऱ्या. आता रस्ता गुहा टाळून न्यावा लागेल."

शाल्मलीला धड हसता आलं नाही.

"पहिले नमुने का बाद केले, तेही अहवालात द्यावं लागतं," आत्या म्हणाली. "नाव घालायचं की नाही, तू ठरव."

शाल्मलीने कळफलक ओढला. 'क्रमांक अंदाजाने लावले', तिने लिहिलं आणि पुढे स्वतःचं पूर्ण नाव टाकलं. मग हळूच विचारलं, "पलीकडच्या डोंगरातल्या गुहांचे आवाज कुणी ऐकलेत?"

"अजून कुणीच नाही," आत्या म्हणाली. "येतेस?"