शिल्लक राहिलेला परिच्छेद

"माजं लेकरू असं करायचं न्हाई, ताई," इंदुताई तिसऱ्यांदा म्हणाल्या. "आज संध्याकाळी कालिजातनं नाव काढून टाकणार हायेत त्याचं."

खासगी तपासनीस निशिगंधा काळोखे यांच्या लेखी आईची ग्वाही हा पुरावा नव्हता. पण गुन्ह्यालाही पुरावा लागतोच. त्यांचा सहायक समाधान याला मात्र चोर केव्हाच सापडला होता.

निगडीच्या कनिष्ठ महाविद्यालयात इंदुताईंचा मुलगा रविराज आणि त्याची वर्गमैत्रीण पुनम बारावीला संगणक व वाणिज्य शिकत. दोघांनी स्पर्धेसाठी व्यवसायाचा आराखडा लिहिला होता: मारुंजीतल्या भाडेकरूंना घरपोच डबे. खंडेनवमीला तो प्रयोगशाळेतल्या संगणकावरून पुसला गेला आणि त्याच संध्याकाळी मुदत संपली. आदल्या दिवशी दोघे कडाकडा भांडले होते.

"पूजेला बोलावलं म्हणून रविराजच्या मशीनवर आराखडा उघडाच टाकून उठले," प्रयोगशाळेत पुनम सांगू लागली. "शेवटच्या परिच्छेदाच्या जरा वर लिहीत होते. तेवढाच परिच्छेद उरला. हा प्रोग्राम लगेच साठवतो, जुनी प्रत ठेवत नाही."

"दयाळू चोर!" समाधान हसला. "शेवट ठेवून गेला."

निशिगंधा कळफलकावर वाकल्या. उजव्या वरच्या कोपऱ्यात, खोडायच्या, म्हणजे बॅकस्पेसच्या, कळीच्या फटीत कुंकू होते. इतर संगणकांना कुंकू फक्त पडद्याच्या कडेला.

पूजेचा मान चाकणच्या कारखान्यातले ऑपरेटर सयाजी, म्हणजे रविराजचे वडील, यांना मिळाला होता.

"बाकीच्यांना फुलं वाहिली. पोराच्या मशीनला मानाचा नारळ," ते म्हणाले. "आमच्या कारखान्याच्या शॉपमधी चालू मशीनचीच पूजा करत्यात. आरती होईस्तोवर नारळ हालवायचा न्हाई."

"रविराज, तू पुसलंस?" निशिगंधांनी विचारले.

त्याने वडिलांकडे पाहिले. "हो म्हणा, मॅडम. मिटवा एकदाचं."

"बघा!" समाधान पुटपुटला.

"तेच बघतेय," निशिगंधा म्हणाल्या. "ज्याला पुसायचं असतं तो सगळं निवडून एकदम पुसतो; मग शेवट उरत नाही. इथे कर्सरपासून मागे, अक्षर अक्षर करत, पहिल्या ओळीपर्यंत पुसलं गेलंय. म्हणजे खोडायची कळ दाबलेलीच राहिली. आरतीभर. तिच्यावर कुंकू लावलेला नारळ टेकला होता."

समाधानचे हसू मावळले.

"रव्या, तुला ठावं होतं?" सयाजींनी विचारले.

"नारळ मीच उचलला, बाबा. तेव्हा स्क्रीन दिसली."

"मग बोलला का न्हाईस, लेका?"

"तुम्ही सगळ्यांना सांगत होता, पोराच्या मशीनची पूजा केली म्हणून."

प्राचार्य लक्ष्मणराव खाकरले. "पटावर नाव राहील त्याचं."

"आणि आमचा आराखडा, सर?" पुनमने विचारले.

स्पर्धा बंद झाली होती.

सयाजी संगणकाकडे वळले. त्यांचे हात जोडण्यासाठी वर आले आणि मध्येच थांबले. क्षमा नेमकी कुणाची मागायची, हे त्यांना कळेना. समाधानने निशिगंधांकडे पाहिले. त्या चष्मा पुसत होत्या, आणि काच तर स्वच्छच होती.