हरणखेडच्या आजारी सुना

हरणखेड तालुक्यात आता कुणी आजारी पडत नसे. पडल्याच तर सुना पडत.

आरोग्य केंद्राच्या मापनकक्षात भिंतभर पडदा होता आणि त्यावर तालुक्याचा नकाशा. निरोगी माणसाचा ठिपका हिरवा, आजाराच्या वाटेला लागलेल्याचा लाल. पुण्याहून राज्याच्या तपासणी विभागाकडून आलेली डॉ. रेवती ढमढेरे त्या पडद्यासमोर बराच वेळ उभी होती. हिरव्यागार नकाशात लाल ठिपके तुरळकच होते. पण कुठल्याही ठिपक्यावर बोट ठेवलं तरी उमटणारी माहिती सारखीच होती. बाईमाणूस, लग्न अलीकडचं, माहेर तालुक्याबाहेर.

केंद्राचे प्रमुख डॉ. विश्राम तारळेकर यांना यात नवल वाटत नव्हतं. नवं घर, नवी माणसं, अपुरी झोप, मनावरचा ताण. शरीर कुरकुरणारच, असं त्यांनी समजावून सांगितलं. सुनेला काही झालं की आपल्याकडे कारण शोधायला लांब जावं लागत नाही. ती सून आहे, एवढं पुरतं. आणि तारळेकर काही दुष्ट माणूस नव्हते. उलट, राज्यातली माणसं आज म्हातारपणापर्यंत धडधाकट राहतात याचं श्रेय कुणा एकाला द्यायचं तर त्यांनाच द्यावं लागेल. ‘प्रहरी’ ही यंत्रणा त्यांची. प्रत्येकाच्या मनगटावरची नाडीपट्टी कातडीतूनच रक्त वाचायची आणि ते वाचन प्रहरीला कळवायची. आजार व्हायच्या आधीच गोळी घरपोच येई. मोठमोठ्या इस्पितळांचे मजलेच्या मजले बंद झाले होते, आणि त्याचं दुःख कुणालाच नव्हतं.

रेवतीने त्यांना विचारलं, की प्रहरी एखाद्याला निरोगी ठरवते ती कशावरून. हा त्यांचा आवडीचा विषय. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

“आमच्या लहानपणी निरोगी माणसाचं माप परदेशातून यायचं,” ते म्हणाले. “तिकडच्या आडव्यातिडव्या माणसांची सरासरी काढायची आणि आमच्या काटक माणसांना लावायची. त्या मापाने इथला धट्टाकट्टा माणूस अशक्त ठरायचा, आणि ज्याला खरोखर मधुमेह जडतोय तो अंगाने बारीक म्हणून सुटायचा. मी म्हटलं, माप इथल्याच माणसांचं घ्या. तालुक्यातल्या बहुतेकांची जी प्रकृती, ते त्या तालुक्याचं स्थानमान. त्यापासून जो ढळेल त्याला आधीच गाठा. दर पाडव्याला आम्ही स्थानमान नव्याने काढतो, म्हणजे माप शिळं होत नाही.”

“आणि बाहेरून आलेल्यांचं काय?”

“नोकरीनिमित्त आलेल्यांची नोंद त्यांच्या मूळ गावीच राहते. ते काही कायमचे इथले नव्हेत. लग्न होऊन आलेली मुलगी मात्र आमची झाली. तिला आमचं माप.”

यात चूक काढायला जागा नव्हती. रेवतीने ते मान्यही केलं.

सुनांच्या बाबतीत प्रहरीचं निदान एकच असे: अतिगाळण. मूत्रपिंडं रक्त गरजेपेक्षा जोराने गाळताहेत, असंच चाललं तर दमून निकामी होतील. हेही शास्त्राला धरून होतं. मधुमेहाच्या सुरुवातीला खरोखरच असं होतं. त्यावर संयमिका नावाची गोळी मिळे. नाव मोठं गोड, काम एवढंच की मूत्रपिंडांचा वेग कमी करायचा. वर्ष-दोन वर्षांत सुनेचा ठिपका हिरवा होई. मग शेजारीपाजारी म्हणत, रुळली हो पोर.

सगळ्यात गडद लाल ठिपका तारळेकरांच्याच घरात होता. मुलाची, मल्हारची बायको ओजस्वी. कोकणपट्टीतल्या देवखाडीची मुलगी, पाचवा महिना लागलेली. तालुक्यात उतरायला धड जागा नसल्याने रेवतीचा मुक्काम त्यांच्याकडेच होता, आणि पहिल्याच संध्याकाळी तिने ओजस्वीच्या पोटाची तपासणी केली. बाळ चांगलं होतं, पण त्याच्याभोवतीचं पाणी कमी होत चाललं होतं. संयमिकेने तसं होऊ शकतं. गोळी थांबवा म्हणावं, तर गरोदरपणात मूत्रपिंडांचा वेग आणखी वाढतो आणि प्रहरीने गोळी दुप्पट करायला सांगितलं होतं. म्हणजे गोळी घेतली तर बाळाला धोका, नाही घेतली तर आईच्या मूत्रपिंडांना. घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं. तारळेकर उठल्याबसल्या आपल्या मनगटावर सुनेचा ठिपका पाहत. मोठा डॉक्टर, पण त्या वेळी त्यांचा चेहरा अगदी साध्या सासऱ्याचा दिसे.

“गोळी घेतली की दुपारपर्यंत बाळ गप्प असतं,” ओजस्वी रेवतीला म्हणाली. “मग मी त्याला हाका मारत बसते. वेडेपणाच आहे.”

सासू, सायलीताई, मनाने चांगल्या होत्या, पण जिभेला हाड नव्हतं. आमचं पाणी काही मानवलं नाही हिला, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ओजस्वी ऐकून न ऐकल्यासारखं करी. रेवतीला मात्र ते फार लागलं. तिलाही सासर होतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना सायलीताई आपल्या मुलीबद्दल सांगू लागल्या. जुई लग्न होऊन सोलापूरकडे गेली, आणि महिन्याभरात तिकडच्या प्रहरीने तिला लाल ठरवलं. मूत्रपिंडं मंद. सासरच्यांनी काय काय ऐकवलं म्हणून सांगू, दुखणं लपवून मुलगी गळ्यात मारली इथपर्यंत मजल गेली. पहिल्या बाळंतपणाला पोर घरी आली. बाळंतपणासाठी आलेल्या लेकीची नोंद तेवढ्यापुरती माहेरी होते. नोंद इथे झाली मात्र, ठिपका हिरवागार.

“माहेरचं पाणी लागलं आणि बरी झाली,” सायलीताई समाधानाने म्हणाल्या.

“किती दिवसांनी हिरवा झाला?” रेवतीने विचारलं.

“दिवस कसले? त्याच संध्याकाळी.”

रेवतीचा घास हातातच राहिला. एका संध्याकाळीत मूत्रपिंडं सुधारत नाहीत. कुणाचीच नाहीत. त्या संध्याकाळी जुईच्या शरीरात काहीच बदललं नव्हतं; बदललं होतं फक्त तिला लावलेलं माप. इथून बाहेर गेलेली मुलगी तिथे मंद ठरते, बाहेरून आलेली इथे वेगवान ठरते. शीव ओलांडून जाणाऱ्या फक्त मुली, म्हणून फरक दिसतो तो फक्त मुलींत. बाकीचे सगळे जन्मभर एकमेकांशीच तोलले जाताहेत. तिने पानावर पाणी सोडलं आणि तारळेकरांना केंद्रात चला म्हणाली.

मापनकक्षात तिने प्रहरीला ओजस्वीचं वाचन देवखाडीच्या मापाने तपासायला सांगितलं. ठिपका हिरवा झाला. गरोदर बाईची मूत्रपिंडं जशी चालायला हवीत तशीच तिची चालत होती. मग रेवतीने तारळेकरांकडे पाहिलं. त्यांना कळलं, आणि त्यांनी स्वतःच आपलं नाव सांगितलं. देवखाडीच्या मापाने त्यांचा ठिपका लाल आला. सायलीताईंचा लाल. मल्हारचा लाल. शेवटी रेवतीने सबंध तालुक्याला ते माप लावलं आणि भिंतीवरचा हिरवा नकाशा लालभडक झाला. त्यात काही तुरळक हिरवे ठिपके तेवढे उरले. त्या गेल्या एक-दोन वर्षांत आलेल्या सुना होत्या.

तारळेकर खरे शास्त्रज्ञ होते; कारण शोधायला त्यांना फार वेळ लागला नाही. तळी आटल्यावर तालुक्याने कातळाच्या पोटातलं पाणी उपसायला सुरुवात केली होती. त्या पाण्यातलं काहीतरी मूत्रपिंडं हळूहळू खात होतं. एकट्यादुकट्याची खाल्ली असती तर प्रहरीने त्याच दिवशी ओरड केली असती. पण सगळ्यांची मिळून खाल्ली, दर वर्षी थोडी थोडी, आणि दर पाडव्याला माप तेवढंच खाली आलं. कुणी मागे पडलं नाही, म्हणून कुणी आजारी ठरलं नाही.

“म्हणजे इतकी वर्षं मी धडधाकट मुलींना गोळ्या देऊन…” त्यांना वाक्य पुरं करवेना.

“तुमच्यासारखं करत होतात,” रेवतीने ते पुरं केलं. तिला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती, आणि त्यातलं एकही लपवायचा तिने प्रयत्न केला नाही.

पुढे मात्र तारळेकर वागले ते कौतुक करावं असंच. आपली चूक त्यांनी झाकली नाही. त्याच दिवशी संयमिका थांबवली, कातळाचं पाणी बंद करून टँकर मागवले, राज्याला सगळं सविस्तर कळवलं आणि हरणखेडचं स्थानमान रद्द करून बाहेरचं माप लावून घेतलं. गावोगाव जाऊन लोकांना स्वतः सांगितलं, शिव्याही खाल्ल्या. ओजस्वीच्या बाळाभोवतीचं पाणी वाढू लागलं. ते आता सकाळपासूनच लाथा मारतं, हे तिने रेवतीला सांगितलं तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं. एकदा सायलीताईंनी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या आत गेल्या. रेवतीला वाटलं, चला, एक घर तरी मार्गी लागलं. ती पुण्याला परतली.

प्रहरीचं काम मात्र संपलं नव्हतं. आजार झाल्यावर धावणं तिच्या स्वभावात नव्हतं. आजाराआधी गाठण्यासाठीच ती बनवलेली. नव्या मापाने तिच्यासमोर एक अख्खा तालुका उभा होता, ज्याची मूत्रपिंडं काही वर्षांत जाणार होती. एकदा झिजलेलं मूत्रपिंड गोळीने परत येत नाही. रक्त शुद्ध करणारी यंत्रं तर, आजारी उरले नाहीत म्हणून, कधीच मोडीत काढली होती. तेव्हा उपाय एकच राहिला: निकामी व्हायची वाट न पाहता आधीच दुसरं मूत्रपिंड बसवायचं. ते कुठून आणायचं याचाही नियम होता, आणि तो तारळेकरांच्याच सुधारणांमधला. माप जसं तालुक्यातलं, तसा उपचारही तालुक्यातलाच. आधी घरात शोधायचं, मग गावात, आणि तालुका संपल्याशिवाय बाहेर बघायचं नाही. प्रहरीने शोधलं. तालुक्यात निरोगी मूत्रपिंडं कुणाकडे आहेत हे तिला आता अचूक माहीत होतं.

एका सकाळी घरोघरच्या नाडीपट्ट्यांवर शिफारशी उमटल्या. तारळेकरांच्या घरात उमटली ती अशी: मल्हार विश्राम तारळेकर, मूत्रपिंडरोपण आवश्यक. योग्य दात्री, पत्नी ओजस्वी. प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी.

रेवती धावत हरणखेडला आली. तारळेकर केंद्रात एकटेच बसले होते. त्यांनी राज्याला नियम बदलायची विनंती केली होती. उत्तर आलं होतं की नियमात शास्त्रीय दोष आढळत नाही. तो खरोखरच नव्हता. रेवतीने पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. सक्ती नाही, संमती लागतेच, असं तारळेकर म्हणाले आणि बोलता बोलता त्यांचा आवाज खाली गेला. सुनेची संमती कशी मिळते, हे हरणखेडमध्ये कुणी कुणाला सांगायला नको होतं.

केंद्रातून तारळेकरांच्या घराकडे जाताना तिला दिसलं की तालुका बदललाय. कालपर्यंत ज्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं त्या सुनांच्या हातातल्या बादल्या सासवा काढून घेत होत्या. एका घरी सासरा स्वतः सुनेसाठी दूध घेऊन उभा होता. ती कुणीच वाईट माणसं नव्हती. सगळ्यांना जगायचं होतं.

ओजस्वी ओसरीवर बसली होती. सायलीताईंनी डाळिंब सोलून वाटीत दाणे आणले, तिच्या पाठीशी उशी ठेवली, सगळे खा हं बाळा, म्हणाल्या आणि डोळे पुसत आत गेल्या.

रेवतीने मल्हारचं विचारलं. त्याने काही मागितलेलं नाही, ओजस्वी म्हणाली. जेवताना खाली मान घालून जेवतो, एवढंच. आणि कुणी तिला हो म्हण असंही म्हणालेलं नाही. फक्त सगळे फार चांगले वागतात. देवखाडीहून आईचा फोन आला होता, तीही रडली आणि शेवटी म्हणाली, नवराच आहे ना गं तुझा.

तिने वाटीतले दाणे बोटाने इकडचे तिकडे केले. मग आत सायलीताईंची चाहूल नाही असं पाहून हळूच विचारलं, “डॉक्टर, बाळ झालं की त्या गोळ्या मला परत मिळतील का?”

“संयमिका? कशाला?”

“ती घेतली की मी आजारी ठरेन ना,” ओजस्वी म्हणाली. “आजारी होते तोवर माझ्याकडे कुणी काही मागत नव्हतं.”