नळीचं दुसरं टोक

आमच्या गॅरेजमध्ये उभी असलेली हिरवी, दोन सीटांची, उघड्या टपाची इंग्रजी गाडी माझ्या बायकोच्या भाषेत 'सवत' आहे. रविवारी सकाळी मी जुनी पँट चढवली की ती चहाचा कप गॅरेजच्या खिडकीत आणून ठेवते आणि जाताना म्हणते, "तिलाही विचारा, साखर किती हवी." त्या दिवशी मला घरात प्रवेश नसतो, कारण मी हात लावीन तिथे ग्रीसचे ठसे उमटतात.

गाडी वयाने जवळपास माझ्याएवढीच. तिचं एक दुखणं बरं केलं की दुसरं डोकं वर काढतं. पाऊस असला की वायरिंग रुसतं, ऊन असलं की पेट्रोल उकळतं, आणि हवा छान असली की मी खुशीत तिला बाहेर काढतो आणि ती भर चौकात बंद पडते. तरी तिच्यावर जीव आहे. नोकरीभर मी दुकानदारांचे वजनकाटे तपासत हिंडलो. काटा केसभर झुकलेला असला तरी मला दिसायचा, आणि पकडलं गेल्यावर समोरच्याचा पडलेला चेहराही दिसायचा. निवृत्त झाल्यावर ते सगळं चोखंदळपण मी या गाडीत ओतलं.

अशा गाडीला दोन कार्ब्युरेटर असतात, एक पुढे, एक मागे. दोघांनी सारखी हवा ओढली तरच इंजिन सुरात चालतं. ते जुळवायला मी रबरी नळी वापरतो. तिचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाशी. आत जाणाऱ्या हवेचा बारीक 'सूं' ऐकू येतो. पुढचा सूं आणि मागचा सूं सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. यासाठी मीटरही मिळतं, पण ते वापरणाऱ्यांची मी भर बैठकीत खिल्ली उडवत आलो. जुन्या गाड्यांचे शौकीन लांबून येऊन माझ्या दारात बॉनेट उघडायचे. मला ते 'कानसेन' म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

गेल्या वर्षी तो सूं गेला.

आधी वाटलं, नळी तुंबली असेल. नवी आणली. मग वाटलं, इंजिनच्या धडधडीत बुडत असेल. मग एकदा मी दाराकडे तोंड करून बसलो असताना बायको माझ्यासमोरून गेली आणि दार उघडून दूधवाल्याशी बोलत उभी राहिली, तेव्हा उमगलं. घंटा वाजली होती.

यावर शहाणा माणूस कानाच्या डॉक्टरकडे गेला असता. मी ढोंग करायला लागलो. नळी कानाला लावायची, डोळे मिटायचे, अंदाजाने स्क्रू फिरवायचा आणि दाद दिल्यासारखी मान डोलवायची. भोवतालची माणसं श्वास रोखून बघत राहायची. जन्मभर खोटे काटे पकडणारा मी आता स्वतःच खोटा काटा झालो होतो. बॉनेट बंद करताना दर वेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि पुढच्या माणसाला मी तरीही "या, या" म्हणायचो.

एका दुपारी मी माझ्याच गाडीला नळी लावून बसलो होतो. इंजिन चालू होतं. पुढच्या कार्ब्युरेटरमधून काहीच ऐकू आलं नाही. ते अपेक्षितच होतं. नळी मागच्याला लावली, आणि कानात स्वच्छ, बारीक आवाज आला. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं. मी तसाच वाकून, हात लांब करून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. कान खरंच उघडलेत का, शांततेत पाहावं म्हणून.

आवाज चालूच राहिला.

मी गडबडलो नाही. नळी बदलली. कान बदलला. नळी मधेच चिमटून पाहिली, तर आवाज बंद. सोडली, तर चालू. म्हणजे तो माझ्या डोक्यात नव्हता. पुढच्या कार्ब्युरेटरला लावली, काही नाही. नुसती हवेत धरली, काही नाही. परत मागच्याला लावली. आता नीट लक्ष दिल्यावर कळलं की हा सूं नव्हे. सूं एकसारखा वाहतो. हा आत जात होता, जरा थांबत होता, बाहेर येत होता.

"कोण आहे?" मी विचारलं, आणि स्वतःचीच लाज वाटली.

श्वास थांबला. संपला नाही, थांबला. एखाद्याला नीट ऐकायचं असलं की तो श्वास धरून ठेवतो, तसा.

मी नळी गुंडाळून खिळ्याला टांगली आणि हात धुतले. बायकोला सांगावंसं वाटलं. पण गाडीतून काय ऐकू आलं हे सांगायचं, तर बाकीचं काय ऐकू येत नाही तेही सांगावं लागलं असतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दातांचे डॉक्टर रस्त्यात भेटले. त्यांच्या लाल गाडीचे कार्ब्युरेटर मी अंदाजपंचे फिरवून दिले होते आणि ती खोकते अशी त्यांची तक्रार आली होती. त्यांना टाळायला मी फुटपाथ बदलत होतो, पण त्यांनी रस्ता ओलांडून माझा हात धरला.

"काय जादू केलीत हो काल!" ते माझ्या तोंडाजवळ येऊन म्हणाले, म्हणून मला कळलं. "संध्याकाळी स्वतःहून आलात, नळी लावलीत, आणि चुटकीसरशी काम! घड्याळासारखी चालतेय. चहाला तरी थांबायचं."

काल संध्याकाळी मी टीव्हीसमोर होतो, पडद्याच्या तळाशी उमटणारी अक्षरं वाचत.

"मी?" असं म्हणायला मी तोंड उघडलंही होतं. पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावर तो जुना आदर होता, वर्षभर न मिळालेला.

"त्यात काय एवढं," मी म्हणालो.

घरी येईपर्यंत मी स्वतःला पटवत होतो की दुसऱ्या कोणाला तरी पाहून त्यांची गफलत झाली असेल. आत आलो तर बायको ओट्याशी उभी होती आणि नेहमीपेक्षा खुशीत दिसत होती.

"आज कान अगदी तिखट झालेत तुमचे," ती मोठ्याने म्हणाली. "मी इथे आपली स्वतःशीच पुटपुटले, मीठ संपलं म्हणून, तर तुम्ही गॅरेजमधून 'आणतो' म्हणालात. आणि लगेच आणलंतही!"

ओट्यावर मिठाचं पाकीट होतं. मी त्या वेळी घरातच नव्हतो.

तिचा चेहरा इतका मोकळा झाला होता, की मला तो परत मिटवायचं जिवावर आलं. "आणलं ना," मी म्हणालो. त्या पाकिटाकडे बघायची मात्र हिंमत झाली नाही. नंतर मी गॅरेजमध्ये जाऊन नळी लावली. मागचा कार्ब्युरेटर गप्प होता. तिथे आता कोणी नव्हतं.

यानंतर लेक घरी आली. ती दुसऱ्या शहरात असते. जुन्या गाड्यांचा मेळावा डोंगरापलीकडे भरणार होता आणि आमची गाडी ती एकटी चालवत नेणार, असं तिनं जाहीर करून टाकलं होतं. गाडी चालवायला ती याच गाडीवर शिकली. आदल्या दिवशी सकाळी आम्ही दोघं एक चक्कर मारून आलो. उतारावर तिनं मान तिरकी केली.

"बाबा, मागच्या चाकातून कट्कट् असं काहीतरी येतंय ना?"

मी काहीच ऐकलं नव्हतं. वारा नाही, इंजिन नाही, कट्कट् नाही. तिचे ओठ तेवढे कळले.

"ते तसंच असतं," मी म्हणालो. "या वयात गाड्या थोडं कुरकुरणारच. तुझ्या आईला विचार."

ती हसली. "तुम्ही म्हणताय म्हणजे ठीकच असणार," ती म्हणाली आणि वेग वाढवला.

दुपारी ती झोपल्यावर मी ते चाक उतरवलं. तारांचं चाक एका दातेरी गाभ्यावर बसतं. ते दाते झिजून सुरीसारखे पातळ झाले होते. बोट फिरवलं तर कापलं. डोंगरातल्या वळणांवर हे चाक गाभ्यावरच गरगर फिरलं असतं, आणि मग गाडीला ना जोर, ना धड ब्रेक. हे ज्याला ऐकू येतं त्याला सकाळीच ऐकू आलं असतं. लेकीला आलंच होतं.

सरळ तिच्या खोलीत जाऊन सांगायला हवं होतं. मी दारापर्यंत गेलोही. पण ती विचारणार, "मग सकाळी तुम्हांला ऐकू कसं नाही आलं?" या एका प्रश्नापाशी मी अडलो. स्वतःच्या पोटच्या पोरीचा जीव एका बाजूला आणि माझं 'कानसेन' दुसऱ्या बाजूला, आणि मी काटा धरून उभा. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. तरी मी दार वाजवलं नाही.

मी पळवाट काढली. इंजिनात रोटर नावाचा अंगठ्याएवढा तुकडा असतो. तोच फिरून ठिणग्या वाटतो. तो काढला की गाडी सुरू होणं शक्यच नाही. चाक परत बसवलं, रोटर काढून खिशात टाकला, बॉनेट लावलं. उद्या ती किल्ली फिरवत बसेल, मी डोकं खाजवीन, म्हाताऱ्या गाडीला दोघं मिळून नावं ठेवू, आणि ती बसने जाईल. कोणाला काही सांगायला नको.

सकाळी मी तिच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून पेपर घेऊन गच्चीत जाऊन बसलो. तिची हाक येईल, म्हणजे ती वर येऊन खांद्याला हात लावेल, याची वाट बघत. बराच वेळ कोणी आलं नाही. शेवटी मीच खाली उतरलो.

गॅरेजचं दार सताड उघडं होतं. जमिनीवर तेलाचा ओला डाग होता. गाडी नव्हती.

मी खिशात हात घातला. रोटर होता.

स्वयंपाकघरात बायको कप विसळत होती. "गेली ना ती," ती ओरडून म्हणाली. "केवढा हॉर्न वाजवला!"

"फोन लाव तिला," मी म्हणालो. "थांबव. मागचं चाक गेलंय. ती म्हणाली होती आवाज येतोय, मी खोटं बोललो. मला ऐकू येत नाही. वर्ष झालं. मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही गं."

तिनं नळ बंद केला. "ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "उगाच का घसा फोडत असते मी? मधे जरा सुधारलं असं वाटलं होतं."

तिनं हात पुसून फोन लावला. मी तिच्या तोंडाकडे टक लावून होतो.

"उचलला," ती म्हणाली. मग ऐकत राहिली. "थांबलीये. वळणं लागायच्या आधीच थांबलीये."

मी खुर्चीत बसलो.

"आवाज ऐकून गाडी थांबवायला लावली म्हणे." बायकोच्या कपाळावर आठी पडली. "कोणी गं?" तिनं फोनमध्ये विचारलं. उत्तर ऐकून तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा फोनकडे.

"काय म्हणते?"

"म्हणते, बाबांनी. ते खाली उतरून चाक काढताहेत म्हणे."

"मी इथे आहे," मी म्हणालो. "तिला सांग. मी इथे बसलोय."

तिनं सांगितलं नाही. हात वर करून मला गप्प केलं. पलीकडे फोन कोणीतरी हातात घेतला असावा, कारण ती नीट सरळ उभी राहिली.

हळूहळू तिची आठी गेली.

ती खिडकीकडे वळली. खांदे सैल सोडले. आणि बोलू लागली, ओरडून नाही, अगदी हळू. लग्नानंतरच्या दिवसांत बोलायची तशी. मला एक शब्दही ऐकू येत नव्हता. काचेत तिचे ओठ दिसत होते, त्यांवरून पहिला शब्द तेवढा कळला.

"अहो," ती फोनमध्ये म्हणाली.

मी उठून तिच्या जवळ गेलो. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, फोनवर तळवा ठेवला, आणि परक्या माणसाला करावी तशी अदबीनं खूण केली, की जरा बाहेर थांबा.